खुर्चीची पुस्तकी किंमत

बँकेत असताना दर मार्चअखेरीस डेडस्टॉक रजिस्टर माझ्यासमोर यायचं. वर्षानुवर्षे घसारा धरून ज्या खुर्चीची पुस्तकी किंमत एक रुपया उरली, ती 'निर्लेखित' म्हणून मी सही करायचो. शाखेच्या नूतनीकरणात अशा चाळीस सागवानी खुर्च्या मी भंगारात काढल्या. पुढे पिएर जानरे यांच्याविषयी वाचनात आलं आणि त्या सहीची चुटपुट लागली. म्हणून त्यांची ही ओळख.

जानरे यांचा जन्म १८९६ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे झाला. जगप्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्बुझिए हे त्यांचे नात्याने भाऊ. १९२२ पासून दोघांनी पॅरिसमध्ये एकत्र काम केले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जानरे जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत गेले.

दोघांना पुन्हा एकत्र आणलं ते चंदीगडने. फाळणीत लाहोर गेलं आणि पंजाबला नवी राजधानी हवी होती. कॉर्बुझिए अधूनमधून येत. जानरे मात्र १९५१ साली आले ते चौदा वर्षं तिथेच राहिले.

नवं शहर म्हणजे सचिवालय, न्यायालय, विद्यापीठ, आणि बसायला हजारो खुर्च्या! त्या काही एका कारखान्यात झाल्या नाहीत. जानरे आणि त्यांचे भारतीय सहकारी आराखडे काढत आणि स्थानिक सुतारांच्या कार्यशाळा त्याबरहुकूम माल तयार करत. लाकूड सागाचं, म्हणजे टिकाऊ. बैठक आणि पाठ वेताची, म्हणजे उन्हाळ्यात हवा खेळती. पाय उलट्या 'व्ही'च्या आकाराचे. तशाच घडणीचे पाय टेबलांनाही. एकच नमुना, पण सुताराच्या हातागणिक थोडा निराळा.

१९६५ साली आजारपणामुळे ते मायदेशी परतले आणि १९६७ साली वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा चंदीगडच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आली.

खुर्च्यांचं मात्र वेगळंच झालं. वेत फाटला, सांधे हलू लागले, तशा त्या गच्च्यांवर ढिगाने पडल्या. सरकारी लिलावात त्या कवडीमोलाने गेल्या. व्यापाऱ्यांनी दुरुस्त करून परदेशात लाखोंना विकल्या. अखेर २०११ साली केंद्र सरकारने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. लिलावाच्या त्या याद्यांवरही माझ्यासारख्याच कुणीतरी अगदी नियमाप्रमाणे सही केली असणार.

आता घरचा विषय. सोसायटीच्या पहिल्या सभेला बसायला काही नव्हतं, तेव्हा सभासदांनी आपापल्या जुन्या घरांतून आणलेल्या चार लाकडी खुर्च्या आज जिन्याखाली पडून आहेत. पुढच्या सभेत त्या भंगारात काढायचा विषय आहे आणि खजिनदार म्हणून सही माझीच लागेल. त्या काही लाखाच्या नाहीत, हे मलाही कळतं. पण सांधे शाबूत आहेत, फक्त वेत गेला आहे. विणकरीचा खर्च मी देतो. यावेळी सही करायला मात्र सांगू नका.