तराजूत बसून जेवणारे डॉक्टर

मेसमध्ये पोटभर जेवून वजनकाट्यावर उभं राहिलं की काटा किलोभर पुढे! मग घाबरून रात्रीचं जेवण बंद, आणि सकाळी प्रॅक्टिकलला चक्कर. लेडीज होस्टेलमध्ये हे नेहमीचंच आहे. मित्रमैत्रिणींनो, हाच पुढे गेलेला काटा चारशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी न घाबरता, हिशोब मांडून वाचला. त्यांचं नाव सान्तोरियो सान्तोरियो. (होय, नाव-आडनाव एकच!)

१५६१ साली कापोदिस्त्रिया येथे त्यांचा जन्म झाला. हे शहर तेव्हा व्हेनिसच्या राज्यात होतं, आज ते स्लोव्हेनियात आहे. १५८२ मध्ये पादुआ विद्यापीठातून ते डॉक्टर झाले व १६११ पासून तिथेच प्राध्यापक. गॅलिलिओंचे ते समकालीन. उष्णता मोजण्याच्या नळीला आकड्यांची पट्टी लावणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांचं नाव येतं; नाडी मोजायला त्यांनी लंबक वापरला. म्हणजे आपल्या इन्स्ट्रुमेंटेशन ब्रँचचेच म्हणा ना!

पण खरी कमाल त्यांच्या खुर्चीची. लांब दांडीच्या तराजूला टांगलेली खुर्ची आणि समोर जेवणाचं टेबल. ठरवलेलं अन्न पोटात गेलं की खुर्ची खाली यायची, तिथेच जेवण थांबवायचं. खाल्लेलं, प्यालेलं, शरीराबाहेर टाकलेलं, सगळं तोलायचं. हे त्यांनी सुमारे तीस वर्षं केलं असं सांगतात! १६१४ च्या पुस्तकात त्यांनी हिशोब दिला: दिवसात आठ पौंड खाल्लं-प्यालं, तर त्यातले साधारण पाच पौंड न दिसताच निघून जातात.

कुठे जातात? त्वचेतून आणि श्वासातून, हे त्यांनी बरोबर ओळखलं. श्वासातून वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइडही जातो, हे कळायला मात्र पुढचं दीड शतक लागलं.

आपल्या भाषेत हा सरळ मास बॅलन्स. दोन शेगाव कचोऱ्या आणि लिटरभर पाणी घेतलं, तर काटा तेवढाच वाढणार. ते वजन ताटातलं, ग्लासातलं, चरबी नव्हे. सकाळपर्यंत त्यातलं बरंचसं लघवी, घाम, श्वासावाटे जातं. खारट जास्त खाल्लं तर पाणी थोडं जास्त रेंगाळतं, इतकंच. उलट आपल्याकडच्या मे महिन्यात क्रिकेट खेळून आल्यावर काटा खाली दिसतो, तेव्हाही मुख्यतः पाणीच गेलेलं असतं.

१६२४ मध्ये प्राध्यापकी सोडून सान्तोरियो व्हेनिसला गेले आणि १६३६ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांतल्या चित्रात ते त्याच खुर्चीत, वाढलेल्या टेबलासमोर बसलेले दिसतात.