सुब्बराय शास्त्री : ‘वैमानिक शास्त्रा’मागचा आवाज

म्हैसूर : प्राचीन भारतात विमाने होती काय, हा वाद निघाला की ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचे नाव हमखास पुढे येते. म्हैसूर येथील आंतरराष्ट्रीय संस्कृत संशोधन अकादमीचे संचालक जी. आर. जोसयर यांनी १९७३ मध्ये तो मूळ संस्कृत, इंग्रजी भाषांतर आणि आकृत्यांसह प्रसिद्ध केला. ग्रंथाचे कर्तृत्व महर्षी भरद्वाजांकडे दिलेले होते. ज्यांच्या मुखातून त्याचा प्रत्येक श्लोक बाहेर पडला, ते पंडित सुब्बराय शास्त्री मात्र तोवर दिवंगत होऊन ३३ वर्षे झाली होती.

शास्त्रींचा जन्म १८६६ मध्ये तत्कालीन मद्रास प्रांतातील होसूर तालुक्यात झाला. त्यांच्या आयुष्याचा बराचसा काळ सीमेपलीकडे म्हैसूर संस्थानातील अनेकल आणि बंगळूर येथे गेला. बालवयातच झालेला विवाह, आईवडिलांचे छत्र हरपणे, दारिद्र्य आणि पाठ न सोडणारे आजारपण, असे त्यांच्या पूर्वायुष्याचे चित्र त्यांच्या आत्मकथनातून दिसते. भटकंती करीत ते कोलारजवळील आवणी या तीर्थक्षेत्री पोहोचले. रामायणातील वाल्मीकींच्या आश्रमाशी हे ठिकाण परंपरेने जोडले जाते. तेथे एका सिद्धपुरुषाची भेट झाली, त्याने आपल्याला व्याधीतून मुक्त केले आणि प्राचीन विद्यांची दीक्षा दिली, असे शास्त्रींचे सांगणे होते. अनेकलला परतल्यानंतर ते विशिष्ट अवस्थेत संस्कृत श्लोक बोलू लागले. हे ज्ञान आपले नसून महर्षी भरद्वाजांचे आहे, आपण केवळ माध्यम आहोत, अशी त्यांची भूमिका होती.

अंगात येणे किंवा संचार होणे महाराष्ट्राला नवे नाही. परंतु तेथे बहुधा देवी बोलते, कौल देते, रोगावर उपाय सांगते. शास्त्रींच्या मुखातून मात्र धातू, आरसे, यंत्रे आणि वैमानिकाचा आहार व पोशाख यांविषयी अनुष्टुभ छंदात श्लोक येत असत. या वेगळेपणामुळेच सुशिक्षितांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. ज्योतिषविद्येचे जाणकार बी. सूर्यनारायण राव यांनी ‘भौतिक कलानिधी’ या नियतकालिकातून त्यांच्या विद्येची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला.

शास्त्री स्वतः लिहीत नसत. ते बोलत आणि जी. वेंकटाचल शर्मा उतरवून घेत. विमानविषयक भागाचे हे लेखन १९१८ ते ऑगस्ट १९२३ या काळात चालले. त्यानंतर बंगळूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील आरेखक टी. के. एल्लप्पा यांनी शास्त्रींच्या सूचनांवरून शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांच्या आकृत्या काढल्या. ज्याने शास्त्रींचे शब्द ऐकले आणि रेषांत बांधले, तो यंत्ररेखनाचे आधुनिक शिक्षण घेतलेला माणूस होता, ही बाब नजरेआड करण्याजोगी नाही. काळही लक्षात घ्यावा लागतो. राइट बंधूंच्या उड्डाणाला तोवर वीस वर्षे होत आली होती आणि पहिल्या महायुद्धात विमानांनी आकाश व्यापून टाकले होते.

याच संस्थानात त्याच सुमारास एका खऱ्या हस्तलिखिताचा शोध लागला होता, हा इतिहासातील विलक्षण योग म्हणावा लागेल. १९०५ मध्ये म्हैसूरच्या प्राच्यविद्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती ग्रंथ लिपीतील ताडपत्रांवरील कौटिलीय अर्थशास्त्र आले आणि १९०९ मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. अर्थशास्त्राच्या बाबतीत ताडपत्रे होती, लिपी होती, दुसऱ्या प्रतींशी पडताळणी शक्य होती. सुब्बराय शास्त्रींच्या बाबतीत होता तो केवळ एका माणसाचा आवाज आणि दुसऱ्याच्या हस्ताक्षरातील वह्या. परंतु प्राचीन पोथी आपल्याला सापडली, असे शास्त्रींनी म्हटलेच नव्हते. पोथीचा आभास निर्माण झाला तो नंतर, इतरांच्या हातून.

मराठी वाचकांना शास्त्रींचे नाव परिचित असते ते शिवकर बापूजी तळपदे यांच्यामुळे. मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील तळपदे (१८६४-१९१६) हे सर जे. जे. कला विद्यालयाशी संबंधित, संस्कृतचे आणि वेदांचे अभ्यासक. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडवले, अशी कथा आजही अभिमानाने सांगितली जाते. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी विमानाच्या प्रतिकृती तयार केल्या, परंतु त्यांपैकी एकही उडाली नाही, अशी माहिती पुढे बंगळूरच्या अभ्यासकांनी नोंदवली. शिवाय ग्रंथाचे लेखन सुरू झाले तेव्हा तळपद्यांच्या निधनाला दोन वर्षे झाली होती. ‘वैमानिक शास्त्र’ वाचून त्यांनी विमान बांधले, हे विधान म्हणूनच कालक्रमात बसत नाही.

सुब्बराय शास्त्रींचे १९४० मध्ये निधन झाले. आयुष्यभर त्यांना ना मोठा मान मिळाला, ना संपत्ती. वह्यांचा प्रवास मात्र पुढे चालू राहिला. १९४४ मध्ये बडोद्याच्या राजकीय ग्रंथालयात काही भागाची नक्कल स्वामी ब्रह्ममुनी यांच्या दृष्टीस पडली आणि १९५९ मध्ये त्यांनी ‘बृहद् विमानशास्त्र’ या नावाने हिंदी अनुवादासह ती प्रकाशित केली. म्हैसुरात १९५० च्या दशकाच्या आरंभी जोसयर यांनी आपल्या अकादमीत या लेखनाचे अस्तित्व जाहीर केले. त्यानंतर दोन दशकांनी आलेला ग्रंथ, त्यातील आकृत्या आणि इंग्रजी भाषांतर यांमुळे शास्त्रींचे शब्द परदेशातही पोहोचले.

१९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभू आणि एस. पी. गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी या ग्रंथाची चिकित्सा केली. तो हसण्यावारी न नेता त्यांनी एकेका विमानाची मापे, वजन आणि उड्डाणतत्त्वे तपासली. रुक्म विमानात वरची हवा पंख्यांनी ओढून नळ्यांतून खाली सोडण्याची कल्पना होती. चारांपैकी तेवढ्या एकातच त्यांना काही अर्थ दिसला. बाकी रचना उड्डाणाला साहाय्य करण्याऐवजी अडथळा आणणाऱ्या आहेत, मजकूर आणि आकृत्या यांचा मेळ बसत नाही आणि कर्त्याला हवेपेक्षा जड यंत्राच्या उड्डाणाचे मूलभूत नियमच अवगत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. भाषेतही वैदिक संस्कृतची खूण नव्हती. ती साधी, आधुनिक संस्कृत होती. हे लेखन १९०४ पूर्वीचे असू शकत नाही, असे त्यांनी ठरवले.

एवढ्यावर हा अभ्यास थांबला असता तर शास्त्री भोंदू ठरले असते. अभ्यासकांनी मात्र त्यांच्या निकटवर्तीयांच्या भेटी घेतल्या, आत्मकथन वाचले आणि जीवनक्रम जुळवला. त्यातून उभा राहिला तो साधा, नम्र, ओळखीच्यांच्या आदरास पात्र असलेला गृहस्थ. हस्तलिखिताचा इतिहास झाकून ठेवण्याचा किंवा त्याचा विपर्यास करण्याचा दोष त्यांनी प्रकाशनाशी संबंधित मंडळींवर ठेवला.

हा अभ्यास प्रसिद्ध होऊनही ग्रंथाचा महिमा ओसरला नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये कॅप्टन आनंद बोडस यांनी प्राचीन भारतीय विमानविद्येवरील निबंधात त्याचाच आधार घेतला आणि देशभर वाद झडला. त्याच महिन्यात तळपद्यांच्या जीवनावरून सुचलेला ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्या गदारोळात भरद्वाजांचे नाव वारंवार घेतले गेले, तळपद्यांचेही घेतले गेले. अनेकलच्या ज्या माणसाने पाच वर्षे हे श्लोक सांगितले, त्याचा उल्लेख क्वचितच झाला.