बाबासाहेबांनी घर बांधले तेव्हा

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून झाले की आपल्यातले बरेच जण तसेच चालत हिंदू कॉलनीकडे निघतात. रात्रभर रेल्वेने आलेली, सुजलेल्या पायांची माणसे राजगृहासमोर रांगेत उभी राहतात, दोन मिनिटे आत जातात, हात जोडतात आणि बाहेर येतात. पण हे घर उभे कसे राहिले, ते कुणासाठी बांधले आणि ते बांधताना बाबासाहेब नेमके कुठे होते, हे सहसा कुणी विचारत नाही. बॅरिस्टर होते, नामांकित वकील होते, बांधले असेल घर, एवढ्यावर आपण थांबतो. त्यामुळे हा माणूस वयाच्या चाळिशीपर्यंत कसल्या जागांमध्ये राहिला, हे झाकलेलेच राहते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ. घर म्हणजे सरकारी क्वार्टर. पेन्शनीनंतर दापोली, मग सातारा आणि शेवटी मुंबईतले परळ. तिथे डबक चाळीत एकच खोली मिळाली. त्याच खोलीत स्वयंपाक, धूर, भांडीकुंडी, जाते, जळण, शिवाय एक बकरीसुद्धा. दोन माणसांना एका वेळी नीट पाठ टेकायला जागा नव्हती. म्हणून सुभेदारांनी एक सोय काढली. संध्याकाळी मुलगा लवकर झोपे आणि वडील जागे राहत. रात्री दोनच्या सुमारास ते त्याला उठवत आणि त्याच जागी स्वतः अंग टाकत. मग चिमणीच्या उजेडात भीमराव पहाटेपर्यंत वाचत बसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तो या पाळीपाळीने झोपण्यातून. त्या वेळी झालेल्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ही भेट लक्षात असू द्या, घराच्या नावापर्यंत आलो की ती पुन्हा लागेल.

पुढे कुटुंब परळच्याच पोयबावडीत, बी. आय. टी. चाळ नंबर १ मध्ये आले. दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ या समोरासमोरच्या दोन खोल्या. प्लेगनंतर मुंबई सुधारण्यासाठी १८९८ साली जो इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने कामगारांसाठी या चाळी बांधल्या. इथे बाबासाहेबांचे बिऱ्हाड वीस वर्षांहून जास्त राहिले. एका खोलीत संसार, दुसऱ्या खोलीत पुस्तके आणि माणसे. कोलंबियाला जाताना माता रमाईंना त्यांनी याच मुंबईतल्या कष्टांत मागे सोडले आणि दोन देशांतले शिक्षण घेऊन ते याच चाळीत परतले. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांना शोधत आले तेही या चाळीत. मूकनायक, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, मनुस्मृतीचे दहन, काळाराम मंदिराचा लढा, ही सगळी वर्षे बाबासाहेबांचा पत्ता पोयबावडीचाच होता.

पण घराची खरी ठेच लागली ती मुंबईत नव्हे, बडोद्यात.

सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली होती आणि तिच्या बदल्यात संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची होती. १९१७ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब मुंबईत उतरले. वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान महायुद्धातल्या पाणबुडीने समुद्राच्या तळाशी घातले होते. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात पोट मारून घेतलेल्या सुमारे २००० पुस्तकांपैकीही थोडीच पुढे त्यांच्या हाती आली. बुडालेल्या सामानाची भरपाई मिळाली तेव्हा कुठे बडोद्याला जाण्याची सोय झाली. तिथे हॉटेलात जागा मिळेना, हिंदू वस्तीत घर मिळेना. अखेर एका पारशी सरायीत त्यांनी पारशी नाव सांगून खोली घेतली. अंधारी, ओसाड जागा होती ती. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघायच्या वेळी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळच्या आत चालते होण्याचे फर्मान सोडून गेला. ओळखीच्या एका हिंदू गृहस्थाकडे त्यांनी आसरा मागितला, एका ख्रिस्ती स्नेह्याकडेही मागितला. एकाला नोकर पळून जातील याची भीती, दुसऱ्याला बायकोला विचारायचे होते. कोलंबियाचा पदवीधर, संस्थानचा अधिकारी, बडोद्याच्या सार्वजनिक बागेत तासन् तास बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. ती बाग आज आपण संकल्पभूमी म्हणून ओळखतो.

आजही पुण्यामुंबईत नोकरीला आलेल्या आपल्या पोरांना घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग घरात काय शिजते ते. दलालाचा फोन अचानक बंद होतो. बडोद्याची गोष्ट आपल्या पोरांना पुस्तकातून शिकवावी लागत नाही, ती त्यांना अशी कळते.

लंडनला १९२० ते १९२३ या काळात ते भाड्याच्या खोल्यांत राहिले. किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले ते त्याच वास्तव्याचे. बॅरिस्टर होऊन ते परतले ते पुन्हा चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत. वकिली सुरू झाली, पण सुरुवातीची वर्षे तंगीची गेली. संसार चालवायला शिकवण्याचे कामही करावे लागले. मुले एकामागून एक गेली. राजरत्न हा शेवटचा, १९२६ च्या जुलैत तोही गेला. उरले एकटे यशवंत. आणि एकीकडे पुस्तके वाढत होती. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, भेटायला आलेली माणसे जिन्यात उभी, पक्षकार एका बाजूला आणि गावाहून अत्याचाराचे गाऱ्हाणे घेऊन आलेले लोक दुसऱ्या बाजूला.

या कोंडीतून घराचा विचार पक्का झाला. १९३० साली बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. पाचव्या गल्लीतला १२९ क्रमांकाचा स्वतःच्या घरासाठी, तिसऱ्या गल्लीतला ९९ क्रमांकाचा दुसऱ्या एका इमारतीसाठी. तिचे नाव पुढे चार मिनार ठेवले. पैसा गाठीशी नव्हताच, बँकेचे कर्ज काढले. ही वसाहतही त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेली. चाळ बांधणारा आणि कॉलनी आखणारा ट्रस्ट एकच, पण चाळीत कोण राहणार आणि कॉलनीत कोण राहणार हे जवळजवळ ठरलेले होते. दादरमाटुंग्याच्या त्या भागात शिकलेल्या, नोकरदार, बहुतेक वरच्या जातींच्या मध्यमवर्गाची घरे उठत होती. त्यांच्यामध्ये, तेही हिंदू कॉलनी नावाच्या वस्तीत, एका अस्पृश्य बॅरिस्टरचे घर उभे राहणार होते. बडोद्यात भाड्याने खोली नाकारली गेली, त्याला तेरा वर्षे झाली होती. इथे कुणाला विचारायचेच नव्हते. जमीन विकत घेतली होती.

१९३१ साली बांधकाम सुरू झाले आणि १९३३ साली पुरे झाले. या तीन वर्षांचा बाबासाहेबांचा प्रवास शेजारी मांडला की घराची गोष्ट वेगळी दिसू लागते. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ते ऑक्टोबर १९३० मध्ये निघाले आणि २७ फेब्रुवारी १९३१ ला परतले. १५ ऑगस्ट १९३१ ला दुसऱ्या परिषदेसाठी पुन्हा बोट. जानेवारी १९३२ च्या अखेरीस परत, की लगेच मताधिकार समितीचे दौरे. मे महिन्यात पुन्हा लंडन. ऑगस्टमध्ये जातीय निवाडा जाहीर झाला, सप्टेंबरमध्ये येरवड्याला गांधीजींचे उपोषण आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार. नोव्हेंबरला तिसरी गोलमेज परिषद. एप्रिल १९३३ मध्ये संयुक्त समितीसाठी पुन्हा लंडन, तिथून मुंबईत पाऊल ठेवले ते जानेवारी १९३४ मध्ये.

दादरला विटेवर वीट चढत होती तेव्हा घरमालक बहुतेक काळ बोटीवर, नाहीतर लंडनच्या बैठकांत होता. आपण गावाकडे खोली बांधतो तेव्हा रोज सकाळी उठून सिमेंटच्या गोण्या मोजतो, गवंड्याला चहा देतो, पाणी मारतो. बाबासाहेबांच्या वाट्याला ते सुख फार थोडे आले. कोट्यवधी माणसांना मताचा हक्क आणि राखीव जागा मिळाव्यात यासाठी ते सातासमुद्रापार भांडत होते, आणि येरवड्याच्या त्या दिवसांत तर त्यांच्यावर सबंध देशाचा दबाव होता, जिवाला धोका होता. त्या दिवसांतही घराचे कर्ज डोक्यावर होतेच. आपण पुणे करारावर भाषणे करतो तेव्हा त्या माणसाच्या डोक्यावर हप्ताही होता हे विसरतो.

घराचा आराखडा मात्र पुस्तकांना धरून झाला. खाली कुटुंबासाठी तीन-तीन खोल्यांचे दोन ब्लॉक, वर ग्रंथालय आणि कचेरी. माझ्या मते या घराबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगावी. लोक घर बांधतात आणि उरलेल्या कोपऱ्यात कपाट ठेवतात. इथे ग्रंथांसाठी जागा आधी धरली आणि माणसे तिच्या खाली बसवली. ज्याने एका खोलीत आळीपाळीने झोपून अभ्यास केला, ज्याची पुस्तके वाटेत हरवली, त्याने हाती पैसा येताच पहिल्यांदा काय मागितले ते या नकाशात दिसते. या ग्रंथालयात पुढे हजारो ग्रंथ जमले. खाजगी संग्रह म्हणून त्याची बरोबरी करणारा दुसरा संग्रह देशात सापडणे कठीण होते.

नाव ठेवले राजगृह. मगधाची जुनी राजधानी, बिंबिसाराची नगरी. तिथेच वेळुवनाचे दान झाले, तिथल्या गृध्रकूट पर्वतावर तथागतांनी उपदेश केला आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती त्याच नगरीजवळ सप्तपर्णी गुहेत भरली. हे नाव ठेवले तेव्हा येवल्याची घोषणा व्हायची होती आणि नागपूरची दीक्षा दोन दशकांहून अधिक दूर होती. बाबासाहेब आयुष्याच्या शेवटी घाईने बौद्ध धम्माकडे वळले, असे म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना पाचव्या गल्लीतली पाटी वाचायला न्यावे. केळुसकरांच्या पुस्तकापासून त्या पाटीपर्यंत एक सरळ वाट आहे.

पोयबावडीचे बिऱ्हाड दादरला आले. आयुष्यभर दोन खोल्यांत ओढाताण केलेल्या रमाईंना स्वतःचे घर मिळाले, पण ते फार थोड्या दिवसांसाठी. त्यांची प्रकृती आधीच खचली होती. उपासतापास, अपत्यांचे मृत्यू, नवऱ्याच्या परदेशातल्या काळातली तंगी, या सगळ्याने शरीर पोखरले होते. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली. त्यानंतर बाबासाहेब कित्येक दिवस कुणाशी धड बोलत नव्हते. पाचच दिवसांनी, १ जूनला, ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. घर मोठे होते, पण ज्या माऊलीने त्याची वाट पाहिली ती त्यात नव्हती. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९४० च्या अखेरीस आला, तो त्यांनी रामूच्या नावे अर्पण केला.

जातिसंस्थेच्या उच्छेदाचा निबंध, स्वतंत्र मजूर पक्ष, कोकणातल्या खोतीविरुद्धचा लढा, हे सगळे राजगृहाच्या काळातले. तिसऱ्या गल्लीतली चार मिनार इमारत मात्र टिकली नाही. कर्ज आणि ग्रंथांची खरेदी यांपायी १९४१ साली बाबासाहेबांनी ती विकून टाकली. इमारत विकून पुस्तके घेणाऱ्या माणसाचे नाव घेऊन आपण समाजमंदिरे बांधतो आणि त्यात वाचनालयाची खोली भाड्याने देतो, हे जाता जाता सांगायला हवे.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून ते दिल्लीला गेले. तिथून पुढे पृथ्वीराज रोड, हार्डिंग अॅव्हेन्यू आणि राजीनाम्यानंतर अलीपूर रोड, ही सगळी घरे दुसऱ्यांची होती. संविधानाचे काम त्यांनी सरकारी बंगल्यात बसून केले. राजगृहातल्या ग्रंथांचा मोठा भाग १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेला. स्वतःसाठी पुन्हा तसे घर बांधण्याचा घाट त्यांनी घातला नाही. मन गुंतले ते औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या बांधकामात. नागसेनवनात खोल्यांची मापे कशी असावीत, झाडे कुठे लावावीत इथपर्यंत ते जातीने पाहत.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत, अलीपूर रोडच्या घरात, झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव त्याच रात्री विमानाने मुंबईला आणले आणि मध्यरात्र उलटल्यावर ते राजगृहावर पोहोचले. तोवर हिंदू कॉलनीच्या गल्ल्या माणसांनी भरून गेल्या होत्या. परळच्या, नायगावच्या, वरळीच्या चाळींतून, गिरण्यांच्या पाळ्या सोडून लोक आले होते. ७ तारखेला दुपारी अंत्ययात्रा निघाली. संध्याकाळी दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले आणि तिथेच, चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखाहून अधिक लोकांनी धम्मदीक्षा घेतली.