घुंगरू बांधलेला चित्रकार

नर्तकीची चित्रे काढणारे चित्रकार आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि भिंतीवरची कॅलेंडरे नुसती आठवली तरी पायात पैंजण, कमरेवर हात आणि किंचित कललेली मान अशा कितीतरी सुंदर आकृती डोळ्यांपुढे येतात. मात्र त्यातील बहुतेक जणी नाचत नसतात, चित्रकारासाठी उभ्या राहिलेल्या असतात. नृत्याचा पोशाख रंगवणे आणि नृत्य रेखाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्यांनी फार लवकर ओळखले आणि त्यासाठी स्वतःच्या पायात घुंगरू बांधले, ते चित्रकार म्हणजे कट्टिंगेरी कृष्ण हेब्बर. कलाजगत त्यांना के. के. हेब्बर या नावाने ओळखते. जन्माने ते कर्नाटकाचे असले तरी शिक्षण, अध्यापन आणि जवळजवळ सारी कारकीर्द मुंबईत झाल्याने महाराष्ट्राच्या चित्रकलेच्या इतिहासात त्यांचे स्थान घरच्या माणसाचेच आहे.

१५ जून १९११ रोजी उडुपीजवळच्या कट्टिंगेरी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील गणपतीच्या मातीच्या मूर्ती घडवीत, त्यामुळे आकार कसा वळतो हे पाहण्यासाठी मुलाला शाळेत जावे लागले नाही. पण त्याहून खोल संस्कार केला तो यक्षगानाने. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात रात्रभर चालणारे हे खेळ, चेंडे या तालवाद्याचा कानठळ्या बसवणारा नाद, मोठाले मुकुट घालून गिरक्या घेणारे पौराणिक राजे आणि राक्षस, आणि हे सारे पाहायला उपलब्ध असलेला अपुरा, हलता उजेड. त्या उजेडात नटाचा चेहरा क्षणभर दिसतो, पुढच्या क्षणी नाहीसा होतो आणि लक्षात राहते ती केवळ हालचालीची दिशा. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत संबळ-झांजेच्या ठेक्यावर आराधी मंडळींचा नाच अंधार पडल्यावर ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा अनुभव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. अशा नाचात आकृती डोळ्यांना पुरती सापडत नाही, ताल मात्र अंगात शिरतो. हेब्बर यांच्या रेषेचे मूळ शोधायचे तर ते कोणत्याही कलाशाळेत नव्हे, या रात्रींमध्ये शोधावे लागते.

कलाशाळेने मात्र त्यांना नेमके याच्या उलट शिकवले. काही काळ शिक्षकाची नोकरी करून ते मुंबईला आले, दंडवतीमठ यांच्या नूतन कलामंदिरात शिकले आणि १९३८ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी मिळवली. १९४० ते १९४५ या काळात तेथेच अध्यापनही केले. त्या काळातील जे. जे.ची शिस्त कडक होती. मॉडेल एका जागी तासन्‌तास बसलेले, प्रकाश एका बाजूने येणारा, आणि विद्यार्थ्याने छायाप्रकाशाच्या एकेका छटेचा हिशेब चुकता करायचा. या शिक्षणाने हाताला जी पक्की बैठक मिळाली ती हेब्बर यांना जन्मभर पुरली. परंतु या पद्धतीत वेळ थांबवून ठेवावी लागते. मॉडेल हलले की शिक्षक रागावतात! ज्याने लहानपणी यक्षगान पाहिले आहे त्याला ही स्थिरता कधी ना कधी जाचणारच होती.

त्यातून बाहेर पडण्याच्या वाटा त्यांनी एकामागून एक धुंडाळल्या. जैन हस्तलिखितांतील लघुचित्रे, मोगल आणि राजपूत शैली, अजिंठ्याची भित्तिचित्रे यांच्याकडे ते वळले. अमृता शेरगिल यांच्या चित्रांनी त्यांना मोठा धक्का दिला आणि दक्षिणेकडे नव्या नजरेने पाहायला लावले. केरळच्या भ्रमंतीतून ‘सनी साउथ’सारखी चित्रे झाली. १९४७ मध्ये ‘टू मेडनहूड’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. ही चित्रे देखणी आहेत, आजही संग्राहक त्यांच्यासाठी धडपडतात. तरीही त्यांत शेरगिल यांची सावली दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. हेब्बर पूर्णपणे स्वतःचे झाले ते रंगात नव्हे, रेषेत. आणि त्या रेषेकडे जाणारा रस्ता नृत्याच्या वर्गातून गेला.

त्या काळची मुंबई नृत्याच्या बाबतीत विलक्षण गजबजलेली होती. मादाम मेनका यांनी कथकला युरोपच्या रंगमंचापर्यंत नेले होते आणि खंडाळ्याला नृत्यालयही काढले होते. उदय शंकर यांच्या परंपरेतून आलेल्या शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केला आणि कळसूत्री बाहुल्यांच्या ढंगात चालणारे ‘रामायण’ बसवले. सचिन शंकर यांचे बॅले युनिटही याच शहरात उभे राहिले. जुन्या शास्त्रीय शैली आणि नवी समकालीन नृत्यनाट्ये शेजारी शेजारी नांदत होती. असे असले तरी मध्यमवर्गीय घरांत कथककडे अजून संशयानेच पाहिले जाई. कोठ्याची आठवण त्याच्या पाठीमागे चिकटलेली होती. मुलीला नाच शिकवावा की नाही यावर जिथे घराघरांत खल होत असे, तिथे संसारी, पदविकाधारक चित्रकाराने स्वतः घुंगरू बांधणे ही साधी गोष्ट नव्हती.

हेब्बर यांनी गुरू केले ते जयपूर घराण्याचे पंडित सुंदरप्रसाद यांना. सुंदरप्रसाद यांनी लखनौच्या बिंदादीन महाराजांकडूनही विद्या घेतली होती आणि मुंबईत त्यांच्याच नावाने शाळा चालवली होती. पुढे ते दिल्लीच्या भारतीय कला केंद्रात गेले आणि १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराचे मानकरी ठरले. अशा तयारीच्या गुरूकडे हेब्बर यांनी सुमारे दोन वर्षे कथकचे धडे घेतले. रंगमंचावर उभे राहण्याची हौस त्यामागे नव्हती. लयीचे शास्त्र अंगाने समजून घ्यावे, एवढाच हेतू होता.

कथकच्या शिक्षणाची सुरुवात तत्कारापासून होते, म्हणजे तळपाय जमिनीवर आपटून सोळा मात्रांचा त्रिताल पावलांनी वाजवायचा. बरोबरची लय, मग दुप्पट, मग चौपट. नंतर तोडे, तुकडे, परण. प्रत्येक बंदिश आधी तोंडाने म्हणायची, हाताने ताल धरायचा आणि मगच नाचायची. या साऱ्याचे लक्ष्य एकच असते, ते म्हणजे सम. नर्तक कितीही गिरक्या घेवो, कितीही दूर भटको, पहिल्या मात्रेवर त्याने नेमके येऊन थांबले पाहिजे. प्रेक्षक दाद देतो ती या थांबण्याला. चित्रकाराच्या दृष्टीने यातला मोलाचा धडा असा की, ज्याला ताल कळतो त्याला सम येण्याआधीच ती कुठे येणार हे कळते. हालचाल डोळ्यांना दिसेपर्यंत थांबावे लागत नाही. प्रेक्षागृहात वही घेऊन बसलेला सामान्य चित्रकार नर्तकाच्या मागून धावत असतो, आणि लय जाणणारा त्याच्याबरोबर चालतो.

प्रत्यक्ष कार्यक्रम चालू असताना रेखाटन करणे किती अवघड असते याची कल्पना ज्याने एकदा तरी तसा प्रयत्न केला आहे त्यालाच येईल. सभागृहात अंधार असतो, कागद नीट दिसत नाही. नजर रंगमंचावरून हलवली की मुद्रा बदललेली असते, आणि खाली पाहिले नाही तर हात कुठल्या कुठे भरकटतो. खोडरबराला तर जागाच नाही. छायाप्रकाश, दागिन्यांची नक्षी, बोटांची गणती असल्या गोष्टी पहिल्या काही मिनिटांतच गळून पडतात. उरते ती पाठीच्या कण्याची वळणदार ओळ, वजन कोणत्या पायावर आहे एवढा अंदाज आणि हाताच्या फेकीची दिशा. जे. जे.मध्ये ज्याला अपुरे म्हटले असते तेच इथे पूर्ण ठरते.

हा हव्यास जगातील थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. १९०६ मध्ये कंबोडियाच्या राजाबरोबर राजदरबारातील नर्तकींचा ताफा फ्रान्सला आला, तेव्हा पासष्ट वर्षांचा शिल्पकार ऑगस्त रोदँ पॅरिसमधील कार्यक्रम पाहून इतका भारावला की त्यांच्या मागोमाग थेट मार्सेलपर्यंत गेला आणि थोड्याच दिवसांत त्याने सुमारे दीडशे रेखाटने केली. दगडात आणि ब्राँझमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला उतारवयात कागदावरची एक पुसट रेषा पुरेशी वाटावी, यात सारे काही आले.

मुंबईत हेब्बर यांचे समकालीन शियावक्ष चावडा यांनीही नृत्यरेखाटनाला वाहून घेतले होते. नवसारीत १९१४ मध्ये जन्मलेले चावडा जे. जे.मधून लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये गेले. तिथे दियागिलेव्ह यांच्या रशियन बॅलेसाठी नेपथ्य रंगवणारे व्लादिमीर पोलुनिन त्यांना गुरू म्हणून लाभले. त्यांच्या पत्नी खुर्शीद या नृत्यांगना वजिफदार भगिनींपैकी एक. म्हणजे चावडांच्या घरातच नृत्य होते. चावडा आणि हेब्बर पुढे ‘बॉम्बे ग्रुप’मध्ये एकत्रही आले. तथापि दोघांच्या कागदावरचा फरक सहज जाणवतो. चावडांची नर्तकी आवेगाने झेपावते, तिच्या भोवतीची हवासुद्धा ढवळून निघते. त्यांच्या रेषेत बाहेरून पाहणाऱ्याचा थरार आहे. हेब्बर यांची रेषा त्या मानाने शांत आहे. ती एका टोकापासून निघते, खांद्यावरून, कमरेवरून वळते, मध्येच तुटते आणि पुन्हा जिथे हवी तिथेच उमटते. तुटलेल्या जागी रिकामा कागद असतो, जशी तालात खाली असते. दोघांत डावे-उजवे करण्याचे कारण नाही, पण खालीचे हे भान पायाने ताल दिल्याखेरीज आले असते असे वाटत नाही.

१९४९-५० मध्ये हेब्बर पॅरिसला गेले आणि अकादमी ज्युलियाँमध्ये शिकले. परतल्यावर त्यांच्या तैलचित्रांत आकार सुटसुटीत झाले, रंगाचे थर जाड झाले. रेषा मात्र उलट अधिकाधिक बारीक आणि काटकसरी होत गेली. नर्तक, गायक, वादक, कष्टकरी, पक्षी, जनावरे असे सारे तिच्या कक्षेत आले. १९६४ मध्ये ‘द सिंगिंग लाइन’ या नावाने त्यांच्या रेखाटनांचे पुस्तक निघाले. गाणारी रेषा, हे नाव त्या रेषेला इतके चपखल बसले की पुढे ते हेब्बर यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. अर्थात त्यांची सारीच रेखाटने एका उंचीची नाहीत. काही ठिकाणी रेषा स्वतःच्याच लालित्यावर भाळते, वळण गरजेपेक्षा गोड होते आणि नर्तकाचे वजन जमिनीला टेकत नाही. परंतु जिथे ती साधली आहे तिथे चार-पाच फटकाऱ्यांत घुंगरांचा आवाज ऐकू येतो. दोन वर्षांच्या तत्काराचे पांग तिथे फिटतात.

मानसन्मानांची यादी मोठी आहे. १९६१ मध्ये पद्मश्री, १९८९ मध्ये पद्मभूषण, शिवाय ललित कला अकादमीचे पुरस्कार. मुंबईकरांनी त्यांचे आणखी एका गोष्टीसाठी ऋणी राहायला हवे. काळा घोडा येथील जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उभी राहिली, त्यामागे डॉ. होमी भाभा यांच्याबरोबरच हेब्बर यांचाही आग्रह होता. तोवर चित्रकारांना प्रदर्शनासाठी या शहरात हक्काचे असे फारसे छप्पर नव्हते.

उत्तरायुष्यात त्यांची चित्रे अमूर्ताकडे झुकली. ‘सुपरनोव्हा’सारख्या चित्रांत माणसाची आकृती उरली नाही. स्फोट, भोवरे, तापलेल्या रंगांचे पट्टे आणि त्यांतून फिरणारी गती तेवढी राहिली. समीक्षकांनी याला मोठे वळण म्हटले. मात्र त्यांची नृत्यरेखाटने शेजारी ठेवून ही चित्रे पाहिली तर ते वळण तितकेसे तीव्र वाटत नाही. गिरकी घेणारी नर्तकी काढून घेतली आणि गिरकी ठेवली, इतकेच घडले आहे.

२६ मार्च १९९६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या अनेक चित्रांचा संच त्यांनी कर्नाटकाला दिला, तो बंगळूरच्या व्यंकटप्पा कलादालनात ठेवण्यात आला. कन्या रेखा राव यांनीही चित्रकलेचाच मार्ग धरला. हेब्बर यांची तैलचित्रे लिलावांत वरचेवर चर्चेत येतात, त्यांच्या किमतींच्या बातम्याही होतात. वहीच्या पानांवरची काळी-पांढरी रेखाटने त्या मानाने कमी किमतीत हात बदलत राहतात, आणि त्यांतली कित्येक अजून कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या भिंतीवर आहेत.