टिपा लिहिणारी एडा

कवी लॉर्ड बायरनची मुलगी, एवढीच एडाची ओळख पुष्कळांना असते. खरं तर वडिलांचा चेहराही तिला आठवत नव्हता. डिसेंबर १८१५ मध्ये लंडनला ती जन्मली आणि पाचेक आठवड्यांतच आई तिला घेऊन माहेरी निघून गेली. पोरगी बापाच्या वळणावर जाऊ नये म्हणून आईने तिला लहानपणापासून गणिताला बसवलं.

१८३३ मध्ये, सतराव्या वर्षी, चार्ल्स बॅबेज यांच्याशी तिची ओळख झाली. पुढे या गृहस्थांनी एका अजब यंत्राचे आराखडे केले. भोकं पाडलेल्या कार्डांवरून हुकूम घेऊन ते कुठलंही गणित सोडवणार होतं. यंत्र पुरं झालंच नाही, पण आजच्या कॉम्प्युटरची कल्पना त्यात होती. त्यावर मेनाब्रिया नावाच्या इटालियन इंजिनिअरने फ्रेंचमध्ये लेख लिहिला. एडाने तो इंग्रजीत आणला आणि १८४३ मध्ये स्वतःच्या सात टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट! तेव्हा ती तीन लेकरांची आई होती, तब्येतही धड नसे.

टिपा म्हटलं की आपल्याला दुय्यम काम वाटतं. माझी भाची इथे नागपुरात, परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी करते. वॉशिंग मशीनसारख्या वस्तूंच्या चिपसाठी ती प्रोग्राम लिहिते. मशीनच्या अगदी जवळची ही भाषा, नुसती आकड्यांची आणि अक्षरांची. म्हणून शेजारी साध्या शब्दांत टीप द्यावी लागते. तिला कॉमेंट म्हणतात. मशीन ती वाचतच नाही. ती असते उद्या हे काम हाती घेणाऱ्या माणसासाठी. इथे एक मिळवा, असं लिहून भागत नाही, ते तर ओळीतच दिसतं. का मिळवायचं, ते लिहावं लागतं. सध्या ती जुन्या कॉमेंटची भाषाच सुधारून राहिली आहे. (आपल्या नाथांनीही शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केलीच की!)

एडाने हेच केलं. गणितात एकच चिन्ह कधी क्रियेसाठी, तर कधी तिच्या उत्तरासाठी वापरतात, हा घोळ तिला खटकला. म्हणून क्रिया म्हणजे नेमकं काय, हे तिने आधी शब्दांत बांधलं. शेवटच्या टिपेत यंत्राला द्यायच्या पंचवीस क्रियांचा तक्ता आहे. कोणती क्रिया, कोणत्या आकड्यांवर, उत्तर कुठे ठेवायचं, आणि एका रकान्यात त्या क्रियेतून काय हाती आलं ते. हा तक्ता तिने पेन्सिलीने केला आणि नवऱ्याने त्यावर शाई फिरवली. त्या काळचा अर्ल, बरं का!

छापलेल्या तक्त्याच्या चौथ्या ओळीत भागाकार उलटा पडला आहे. ज्याने भागायचं तो वर, ज्याला भागायचं तो खाली. पण त्याच ओळीत हाती काय आलं ते बरोबर लिहिलेलं आहे. त्यामुळे पुढच्यांना चूक कळली, आणि दुरुस्त कशी करायची तेही. मला तर हा रकानाच सगळ्यात मोलाचा वाटतो.

शब्दांच्या बाबतीत ती भारी करडी. बॅबेज तिच्याहून चोवीस वर्षांनी मोठे, नावाजलेले. त्यांनी एका टिपेत परस्पर फेरफार केला, तेव्हा आपल्या वाक्यांना कुणी हात लावलेला चालणार नाही, असं तिने त्यांना स्पष्ट कळवलं. मात्र त्यांच्या गणितातली एक मोठी चूक तिनेच काढून दिली. हे बॅबेज यांनी आत्मचरित्रात कबूल केलं आहे, पण १८६४ मध्ये, ती गेल्यावर. सरकारवरची आपली निनावी तक्रार लेखाला जोडावी असा त्यांचा हट्ट होता. तोही तिने मानला नाही. एवढं करून स्वतःचं नाव? टिपांखाली नुसती तीन आद्याक्षरं.

पुढचे दिवस बरे गेले नाहीत. घोड्यांच्या शर्यतींवर ती पैसे हरली, घराण्याचे हिरे गहाण पडले. मग गर्भाशयाचा कर्करोग. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, छत्तिसाव्या वर्षी ती गेली. वडीलही छत्तिसाव्या वर्षीच गेले होते. तिच्याच इच्छेनुसार तिला हकनॉलच्या चर्चमध्ये त्यांच्या शेजारी पुरलं.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कॉम्प्युटरच्या एका नव्या भाषेला एडा हे नाव दिलं. त्या भाषेच्या सरकारी मानकाचा क्रमांक ठेवला १८१५.