प्रांटलचा मराठी विद्यार्थी

बाउंडरी लेअरची डेफिनिशन आपण फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलला पाठ करून जातो. ज्या लुडविग प्रांटलने १९०४ मध्ये ही कल्पना मांडली, त्याच्याच हाताखाली जर्मनीत गॉटिंगेनला एका मराठी माणसाने डॉक्टरेट केली, हे मात्र टेक्स्टबुकात नसतं. ते डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूरकडचे.

१९३६ मध्ये डॉक्टरेट मिळाली, पण तेव्हा भारतात विमानाचा कारखानाच नव्हता! तो निघाला डिसेंबर १९४० मध्ये, बंगळूरला, वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने. घाटगे तिथे रुजू झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी डिझाईन केलेलं ग्लायडर उडालं. १९४२ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एरोनॉटिक्स विभाग सुरू झाला, तेव्हा शिकवायलाही तेच. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ हे ट्रेनर विमान आकाशात गेलं. अशी दीडशेहून जास्त विमानं बनली.

एचटी-२ पंख्याचं. पुढचं किरण हे जेट ट्रेनर. इथे खरी गंमत आहे. किरणचं वायपर इंजिन ब्रिटिश डिझाईनचं, आणि जेट इंजिनाचा जीव असतो कॉम्प्रेसरमध्ये. फिरती पाती हवेला कमी दाबाकडून जास्त दाबाकडे ढकलतात, म्हणजे चढावर चढवतात. पात्याला चिकटून चाललेला मंद थर, म्हणजे प्रांटलचाच बाउंडरी लेअर, हा चढ चढताना दमतो आणि पात्यापासून सुटतो. यालाच स्टॉल म्हणतात. फारच झालं तर हवा उलटी फिरते, तो सर्ज. (आपल्या जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात कूलरच्या तोंडासमोर गादी उभी करून बघा. पंख्याचा आवाज लगेच बदलतो!)

आज हे कॉम्प्युटरवर बघता येतं. सगळी पाती घेत नाहीत. दोन पात्यांमधली एक गल्ली कापून घ्यायची, दोन्ही बाजूंना पिरिऑडिक कंडिशन लावायची आणि पात्याबरोबर फिरत समीकरणं सोडवायची. मग कोरिऑलिस आणि सेंट्रिफ्यूगल टर्म आपोआप येऊन बसतात. मेश मधे जाड चालते, पण भिंतीजवळ अगदी बारीक लागते. तिथे कंजुषी केली की चित्र रंगीत येतं, पण स्टॉल भलत्याच जागी दिसतो. तो पातळ थर शंभर वर्षांनंतरही सुटका देत नाही.

घाटग्यांच्या पिढीकडे यातलं काहीच नव्हतं. विंड टनेल, स्लाइड रूल आणि कागद. विमान आपलं, इंजिन परक्याच्या डिझाईनचं, ही अडचण त्यांच्या काळात सुटली नाही. नंतर आपल्या तेजसलाही अमेरिकन इंजिनच बसवावं लागलं. मला तरी वाटतं, आपल्याकडे विमान बनवणाऱ्यांचं कौतुक झालं, पात्यांच्या मागे लागणारे मात्र कमीच निघाले.

किरण पहिल्यांदा उडालं सप्टेंबर १९६४ मध्ये. घाटगे १९९१ मध्ये गेले. पाच वर्षांनी हवाई दलाची सूर्यकिरण टीम तयार झाली, ती याच किरण विमानांवर. एअर शोमध्ये आकाशात रेघा ओढणारी ती टीम २०११ पर्यंत किरणच उडवत होती.