रेव्हरंड टॉमस स्टेबिंग यांचे चरित्र

देवाने पहिल्या मनुष्याकडे सर्व पशुपक्षी आणिले व त्याने त्यांस नावे दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितले आहे. नावे देण्याचे ते काम अद्याप संपलेले नाही. त्यात आयुष्य वेचलेल्या एका धर्मोपदेशकाचे वृत्त आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

रे. टॉमस रॉस्को रीड स्टेबिंग यांचा जन्म लंडन शहरी ता. ६ फेब्रुवारी १८३५ रोजी झाला. ऑक्सफर्ड येथे शिकून १८५९ साली त्यांनी इंग्लंडच्या चर्चची दीक्षा घेतली. त्याच वर्षी प्राण्यांच्या जाती कशा उत्पन्न झाल्या याविषयी चार्ल्स डार्विन यांचा ग्रंथ निघाला व पुष्कळ धर्माधिकारी रुष्ट झाले. पुढे टॉर्की या समुद्रकाठच्या गावी राहत असता स्टेबिंग यांनी खंडन करण्याच्या हेतूने तो ग्रंथ हाती घेतला. परंतु वाचून पाहता त्यातील प्रमाणे खरी आहेत अशी त्यांची खात्री झाली. ती त्यांनी लपविली नाही. १८६९ साली त्यांनी याविषयी व्याख्यान दिले व १८७१ साली निबंध छापिले. परिणामी त्यांस उपदेश करण्याची मनाई झाली. ही शिक्षा केवढी, हे आमच्या उपदेशक बंधूंस सांगणे नको.

तथापि ते रिकामे बसले नाहीत. ओहोटीनंतर किनाऱ्यावर पडलेले शेवाळ उचलिले असता खालून दाण्याएवढे जीव टणाटण उड्या मारितात. ते कोळंबी व खेकडे यांचे दूरचे भाऊबंद होत. त्यांचे काही पाय पुढे व काही मागे वळलेले असतात, म्हणून शास्त्रज्ञ त्यांस अँफिपोडा म्हणतात. मादी आपली अंडी पोटाखालच्या पिशवीत जपते. हेच क्षुद्र जीव स्टेबिंग यांच्या अभ्यासाचा विषय झाले.

चॅलेंजर नामक इंग्रज जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून समुद्रातील असंख्य प्राणी आणिले. त्यांतील अँफिपोडा तपासण्याचे काम स्टेबिंग यांजकडे आले. नवी जात नुसती पाहून ठरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जबडे व एकेक पाय वेगळा करावा, सांधे मोजावे, चित्र काढावे. मग पूर्वी कोणी त्या प्राण्याचे वर्णन केले आहे काय, हे नाना भाषांतील ग्रंथांत धुंडावे. कोठेच न आढळल्यास त्यास दोन शब्दांचे नाव मिळते. पहिला शब्द आडनावासारखा असून जवळच्या जातींस समान असतो, दुसरा त्या एका जातीचा. १८८८ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात १,७०० हून अधिक पृष्ठे व चित्रांची २१० पाने आहेत. आरंभी पूर्वीच्या अभ्यासकांच्या लेखनाचा दीर्घ वृत्तांत देऊन त्यांनी ज्याचे श्रेय त्यास दिले.

पुढे दक्षिण आफ्रिका व सिलोन येथील समुद्रजीवांवरही त्यांनी लिहिले. १८९६ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले व १९०८ साली लिनीअन सोसायटीने त्यांस सुवर्णपदक दिले. ता. ८ जुलै १९२६ रोजी, ९१ वर्षांचे असता, टनब्रिज वेल्स येथे ते निवर्तले.

उपदेशाची मनाई झाली तरी आपल्या लेखांवर ते नावामागे रेव्हरंड हे पद लावीतच राहिले. जे खरे आढळले ते त्यांनी नाकारिले नाही, आणि दीक्षाही टाकिली नाही. वाचकहो, ज्या जिवाकडे कोणी ढुंकून पाहत नाही, त्याचा एकेक पाय मोजण्यात ज्याने वर्षे घालविली, त्याने उत्पन्नकर्त्याच्या हातकामाचा मान राखिला असे आम्ही समजतो. आपल्यापैकी कोणाचे काम लहान व अप्रसिद्ध असेल, तर त्याने या वृद्धाचे स्मरण करावे.